रंगूनला गेलेला मुऱ्हाळी

सन एकोणीसशे अडतीस. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, अकोल्याच्या बाजारात माझं संत्र्यांचं दुकान होतं, आणि पुंजाजी भाऊजी साठीच्या घरात होते. आज मी त्यांच्याहून म्हातारा आहे. घरातली नातवंडं म्हणतात, आबा, तुम्ही बोटीत बसून परदेशात गेले होते, ते सांगा नं. मी सांगतो. बोट केवढी होती, पाणी कसं काळं दिसे, रंगूनच्या देवळाचा सोन्याचा कळस उन्हात कसा डोळ्यात जाई. परत कसे आलो ते कोणी विचारत नाही. फिरून आलेल्या माणसाला लोक जाण्याचंच विचारतात.

पुंजाजी भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे मालक. बहीण माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी, मी तिला बाई म्हणे. आमचं घर शेंदूरजनाघाटचं, तिला दिली वलगावला. नदीकाठी चार एकरांचा मळा, एक विहीर, वांगी, मिरची, मेथी, आणि बांधाला झेंडू. माणूस अंगानं काटकुळा, पण हात मोठे, जणू दुसऱ्याच कोणाचे आणून लावलेले. बोलणं खडखडीत. पुण्याकडचा एक कारकून एकदा मळ्यावर भाजी घ्यायला आला आणि म्हणाला, "वांगी ताजी आहेत का हो?" भाऊजी म्हणाले, "शिळी पाह्यजे असन तं उद्या या." कारकून रागावून गेला. बाई म्हणाली, "गिऱ्हाईक घालवलं." भाऊजी म्हणाले, "मी नाही घालवलं, थो आपल्या पायानं गेला."

पण वलगावात त्यांना लोक ओळखत ते वांग्यांसाठी नव्हे. मुऱ्हाळी म्हणून ओळखत.

मुऱ्हाळी म्हणजे काय, हे आता पोरांना सांगावं लागतं. लेक सासरहून माहेरी यायची तर ती आपली आपण येत नसे. माहेरचा माणूस गाडी घेऊन जाई, सासूसासऱ्यांना विचारी आणि तिला घेऊन येई. तो मुऱ्हाळी. बाप जाई, भाऊ जाई, मामा जाई. ज्या घरी कोणी गडीमाणूस उरला नाही, त्या घरची लेक सासरीच सण काढी. वलगावात तसं होत नसे. कोणी विधवा बाई सणाच्या आधी मळ्यावर येऊन नुसती बांधाला उभी राहिली, की भाऊजी मोट थांबवून विचारत, "कोन्या गावाले हाय तुही?" दुसऱ्या दिवशी दमणी निघे. दमणी म्हणजे आमच्याकडची माणसांची हलकी बैलगाडी. तिच्यात ते चार पदरी वाकळ अंथरत, आणि त्या वाकळीवर दुसऱ्या कोणाला, मलासुद्धा, बसू देत नसत.

एकदा मी सोबत होतो. कौसाबाई नावाच्या शेजारणीची लेक चांदूर रेल्वेकडे दिलेली, सासू तिला तीन वर्षं पाठवत नव्हती. आम्ही सकाळी पोचलो. सासूनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"पानी घ्या, पाहुणे."

"घेतो नं," भाऊजी म्हणाले. "पोरगी दमणीत बसली का तिच्याच हातचं घेतो."

"अन् नाही बसली तं?"

"तं तुमचा ओटा थंडगार हाय. बसतो."

सासूनं पदर खोचला. "हा बुढा कोन लागते वं तिचा? बाप हाय का काका हाय?"

"कोनीच नाही लागत बाई. म्हनून तं मले वेळ हाय."

तो दिवस गेला. रात्री मी त्यांच्या घरात जेवलो, लाज वाटली तरी जेवलो. भाऊजी ओट्यावर तसेच. घोटभर पाणी नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सासराच बायकोवर ओरडला, "अवं, धाड तिले! हा बुढा आपल्या ओट्यावर मेला तं पाटलाले मी काय सांगू?" सासू आत गेली, लुगड्यांचं गाठोडं बाहेर आलं, त्यामागे पोरगी आली. ती दमणीत बसली, आणि भाऊजींनी तिच्या हातून तांब्या घेऊन एका दमात रिकामा केला. मग सासूला हात जोडून म्हणाले, "ओटा खरंच थंड हाय बरं तुमचा." ती बाई हसली. हसावंच लागलं तिला.

त्यांची दुसरी एक रीत होती, ती मी कोणात पाहिली नाही. पोरगी माहेरी आणताना ते वाटभर गप्प असत. तिनं झाडं पाहावी, गावं पाहावी, आपल्याशी हसावं. पण सण झाल्यावर तिला परत सासरी सोडायला निघाले की बैलांशी मोठमोठ्यानं बोलत. "अबे कबऱ्या, सरक नं! खाताना चार पाय, चालताना दोन?" असं काही ना काही, थेट शिवेपर्यंत. मागं वळून पाहत नसत. मी एकदा विचारलं, "काऊन एवढं बोलता बैलांशी?" म्हणाले, "पोरगी मांगं रडून राह्यते. ऐकू आलं तं थांबते बिचारी. मले ऐकू येत नाही असं तिले वाटलं पाह्यजे."

स्वतःची एकच लेक, सुभद्रा. सुभी. फार नवसानं झालेली. तिच्यासाठी स्थळं पाहायला निघाले तेव्हा अकोल्याचं एक चांगलं घर मी सुचवलं होतं. नको म्हणाले, दूर पडते. बडनेऱ्याचा मुलगा केला, रेल्वेत फिटर. "पाच-सहा कोस. सकाळी जाईन, सांजेले पोरगी घरात." लग्नाला वर्ष झालं नाही, तर जावयाला रंगूनच्या लाकडाच्या कारखान्यात दुपटीची नोकरी लागली आणि तो सुभीला घेऊन गेला. मला दोन-तीन इयत्तांचं शिक्षण, पण नकाशा कळतो. शाळेत नेऊन मी त्यांना भिंतीवरचा नकाशा दाखवला. त्यांनी बडनेरा कुठं ते विचारलं, रंगून कुठं ते विचारलं, मधे आपली बोटं टेकवली आणि म्हणाले, "चार बोटं तं हाय." मास्तर हसले. भाऊजी हसले नाहीत.

दोन वर्षांनी, पौषात, पत्र आलं की सुभीला दिवस गेले, पाचवा महिना आहे. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. भाऊजींनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"कधी येतो म्हनते पोरगी?"

"तसं काही लिहिलं नाही."

"कसं लिहीन? मुऱ्हाळी गेल्याबिगर पोरगी येत असते काय?"

गावात बातमी पसरली. पारावरचे लोक म्हणत, "पुंजाजी, दमणी बोटीवर चढवता काय?" ते म्हणत, "चढत असन तं चढवतो." मळा शेजारच्या महादूच्या हवाली केला, बांधावरचे दोन कडुनिंब विकले, आणि आम्ही तिघं निघालो. भाऊजी, बाई आणि मी. मी कशाला, तर मला वाचता येतं, बाजारात वावरून हिंदी येते, आणि मी पोरीचा मामा. गेल्याच साली सरकारनं ब्रह्मदेश हिंदुस्थानातून वेगळा काढला होता. म्हणजे आता परमुलूखच.

सुभीनं मागं एका पत्रात लिहिलं होतं की इकडं सगळा भातच, भाकर खाऊन वर्ष झालं. एवढंच वाक्य. भाऊजींनी दोन पायल्या ज्वारी बांधली. बाई म्हणाली, पीठ नेऊ. ते म्हणाले, बोटीत पीठ खवट होईल. मग दळणार कशावर? तर घरातलं लहान जातं, दोन्ही तळ्या, गोधडीत गुंडाळून घेतलं. मी पुष्कळ भांडलो. "पोरीले तं तुम्ही इकडेच आणून राह्यले, मंग जातं तिकडे कायले?" म्हणाले, "तयारी होईस्तोवर आठ-पंधरा दिवस लागतीनच नं. थोवर काय भातच खाईन?" हावड्याला हमालानं ते गाठोडं उचललं आणि परत खाली ठेवलं. "बाबूजी, इसमें पत्थर है क्या?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "हाव. पत्थरच हाय."

बोटीत तीन दिवस डेकवर. बाई पहिल्या दिवसापासून आडवी. मी उलट्या करून मोकळा झालो. भाऊजींना काही झालं नाही. जातं सरकू नये म्हणून ते त्यावर हात ठेवून बसत आणि समोर पाहत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाले, "नत्थू, अठी एखादं झाड नाही, गाव नाही. पोरगी या वाटेनं आली तं तिनं पाह्यलं काय असन?"

रंगूनला जावई धक्क्यावर आला होता. पाया पडला, बाईची पेटी स्वतः उचलली, जात्याचं गाठोडं उचलायला गेला आणि हसत सुटला. घर लाकडाचं, दुसऱ्या माळ्यावर. सुभी जिन्याच्या तोंडाशी उभी होती, सातव्या महिन्यात, अंग भरलेली, इकडच्या बायकांसारखं केसात फूल माळलेली. बापाला पाहून तिनं तोंडाला पदर लावला. त्याच दिवशी भाऊजींनी मला कार्ड लिहायला बसवलं. महादूला: पोरगी आमच्यासंगं येऊन राहिली. पौर्णिमेनंतर पाचव्या दिवशी दुपारच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरतो, दमणी घेऊन ये, वाकळ विसरू नको. मी म्हटलं, थांबा दोन दिवस, मग लिहू. म्हणाले, "लिह्य म्हनतो तं लिह्य."

संध्याकाळी सुभीनं हौसेनं जातं मांडलं. बाई आणि ती समोरासमोर बसल्या, आणि पहिल्याच फेऱ्याला लाकडाची सगळी जमीन गडगडली. खालचा मद्राशी भूकंप झाला म्हणून वर धावत आला. जातं पाहिलं, कपाळावर हात मारला, आणि गरम भाकरीचा तुकडा खाऊन गेला. ती संध्याकाळ चांगली गेली. भाऊजी लेकीला आंबाडीची भाजी वाढत होते आणि म्हणत होते, "खाय, खाय, अजून चार भाकरी हाय."

जाण्याचं काढलं की सुभी उठून आत जाई. तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी भाऊजी जावयाकडे वळले.

"जवाई, पोरीले धाडता का नाही? स्पष्ट सांगा."

जावई बिचारा खाली पाहत म्हणाला, "मी कधी नाही म्हनलं, मामाजी? तिले यायचं असन तं मी स्वतः तिकीट काढून देतो."

भांडायला जागाच नव्हती. वीस वर्षं ते ज्या सासवांशी भांडले त्यातली एकही तिथं नव्हती. मग सुभीच दारात येऊन म्हणाली, "बाबा, मले कोनी अडवलं नाही. मीच येत नाही."

"काऊन?"

"नाही येत. बस."

"पयलं बाळंतपन हाय तुहं."

"होईन अठीच. अठी दवाखाना हाय."

"म्हनजे मी चार बोटं समुद्र ओलांडून आलो, अन् रिकामा जाऊ?"

भाऊजी उठले, पागोटं नीट केलं, बाहेर गेले आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. त्या घराला ओटा नव्हता. बसायला तेवढीच जागा. बाईनं पाणी नेलं, ते तिनं परत आणलं. मी समजून गेलो.

चिनी, मद्राशी, बंगाली, सगळे त्यांना ओलांडून वरखाली जात. कोणी सलाम करी, कोणी शिवी देऊन जाई. भाऊजी भिंतीकडे पाहत बसलेले. जावई कामावर गेला. मी जिन्याखाली बिडी ओढत उभा राहिलो. मामा म्हणून मी काही बोलायला पाहिजे होतं हे मला कळत होतं, पण मला दोघांचाही राग आला होता. दुपार तापली. मग सुभी भिंत धरत धरत बाहेर आली आणि त्यांच्या खालच्या पायरीवर बसली.

"जाय अंदर," भाऊजी म्हणाले.

"तुमी पानी घ्या."

"तू हाव म्हन, आत्ता घेतो."

"मंग मी बी नाही घेत."

"सुभे, तू दोन जिवाची हायस."

"मले ठाऊक हाय."

ती उठली नाही. मी खालून पाहत होतो. बापासारखीच हनुवटी, बापासारखंच बसणं. तास गेला, दुसरा गेला. तिनं डोकं कठड्याला टेकलं. ओठ पांढरे पडले होते, कपाळावर घाम होता. बाई आली, पाण्याचा तांब्या दोघांच्या मधे ठेवला, आणि आत गेली.

भाऊजींनी तांब्याकडे पाहिलं. मग लेकीकडे. "तू घे," म्हणाले.

"आधी तुमी."

त्यांनी तांब्या उचलला. चांदूरला पाहिलेलं ते घटाघट पिणं नव्हतं. दोन घोट घेतले, कसंबसं गिळले, आणि तांब्या तिच्या हातात दिला. ती सगळा प्यायली. ते उठायला गेले तर गुडघे धरले होते. लेकीनंच हात दिला. मी वर जाईपर्यंत दोघं आत गेली होती.

रात्रीच्या जेवणानंतर बाई म्हणाली, "पोरगी माहेरी येत नाही, तं माहेर अठीच राहीन. मी राह्यते बाळंतपनाले."

भाऊजींनी आपली ताटली बाजूला सरकवली. मग म्हणाले, "अन् वांग्याले पानी कोन देईन?"

"तुमी."

"अन् चुलीले?"

"थे बी तुमीच," बाई म्हणाली, आणि तिनंच दुसरीकडे तोंड फिरवलं. त्या माणसानं साठ वर्षांत चुलीत काडी घातली नव्हती.

बोटीच्या दिवशी धक्क्यावर गर्दी होती. भाऊजी जावयासोबत पुढं गेले, तेव्हा बाईनं माझा हात धरून मला एका खांबाआड नेलं. तिनं सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी सुभी इकडं आली तेव्हाही तिला दिवस गेले होते, तिसरा महिना होता. बोट तिला फार लागली, आणि तिथंच, डेकवर, चार परक्या बायकांनी लुगडी धरली आणि सगळं वाहून गेलं. जावयानं पत्रात कळवलं नाही. लाजला, भ्याला. सुभीनं आईला आता सांगितलं. म्हणूनच जाण्याचं काढलं की पोरगी उठून आत जात होती, पुन्हा बोटीत चढायचं तिला भय होतं. बापाजवळ लेकीनं असलं कसं बोलावं?

"मंग तू काऊन नाही सांगतलं भाऊजीले?" मी विचारलं.

"अठी सांगतलं असतं तं जवायाच्या अंगावर धावले असते. अन् पोरीले याच्यासोबत संसार कराचा हाय. तू घरी नेऊन सांगजो, नत्थू. गाडीत नको, लोकायच्या पुढे नको, थे रडतीन. वलगावले जाजो त्यायच्यासंगं. चूल पेटवून देजो, दोन घास खाऊ देजो, अन् मंग सांगजो. पोरीचं मन फिरलं असं नको वाटू देऊ त्यायले."

मी हो म्हणालो.

परतीच्या बोटीत माणूस पार बदलला होता. हात ठेवायला जातं नव्हतं. हाताचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. मांडीवर ठेवत, उचलत, परत ठेवत. जेवायची वेळ झाली की तीन ताटल्या मांडायला घेत आणि एक परत ठेवत. कलकत्त्याहून गाडी सुटल्यावर डब्यातल्या एका माणसानं विचारलं, "कहाँ से आना हुआ बाबा?" भाऊजी आपल्याच बोलीत म्हणाले, "एकीले आनाले गेलो होतो. दोघी ठेवून आलो." त्या माणसाला कळलं नाही, पण त्यानं पुन्हा काही विचारलं नाही.

माझ्याशी ते दुसऱ्या दिवशी बोलले. "नत्थू, तू बोलला असता तं पोरगी आली असती."

"मी काय बोलणार होतो?"

"मामा नं तू तिचा? एवढी बुकं शिकलेला. जिन्याखाली बिड्या फुकत उभा होता. तुले संत्रे पारखता येते बाप्पा. मानसं नाही."

डब्यात वीस माणसं ऐकत होती. मला झोंबलं. मी म्हणालो, "अन् तुम्ही कोणाला पारखलं? आमच्या बापानं बहीण वलगावला दिली होती. रंगूनला सोडून यायला नव्हती दिली."

भाऊजींनी तोंड खिडकीकडे केलं. तिथून बडनेऱ्यापर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मी खोटं काही बोललो नव्हतो, हे मी आजही म्हणतो. सांगायचं ते मला गाडीतही सांगता आलं असतं, कानात चार शब्द. पण बाईनं गाडीत सांगू नको म्हटलं होतं, आणि मी तेवढ्याच शब्दाला धरून बसलो. माझं मन म्हणे, विचारू दे त्यांना आधी. ते विचारतील तर सांगीन. ते कशाला विचारतील? त्यांना ठाऊकच नव्हतं की सांगण्यासारखं काही आहे.

पुढचं थोडक्यात सांगून टाकतो. त्याच साली आषाढात वलगावात ताप आला आणि त्यात भाऊजी गेले. मला निरोप मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. सुभीला वैशाखात मुलगी झाली होती. आषाढ सरता सरता रंगूनला दंगे उसळले, लोक बोटी भरभरून परत आले, त्यात बाई आली, सुभी आली, कडेवर पोर. सुभी बोटीत तीन दिवस डोळे मिटून पडून होती म्हणतात. बडनेऱ्याला उतरून त्या आपल्या आपण वलगावी गेल्या. आणायला कोणी गेलं नव्हतं.

म्हणजे भाऊजींना मी शेवटचं पाहिलं ते बडनेऱ्याच्या स्टेशनावर.

त्यांना तिथं उतरायचं होतं, मला त्याच गाडीनं पुढं अकोल्याला जायचं होतं. दुपारची वेळ, ऊन रखरखीत. त्यांनी आपली वळकटी खाली घेतली, मग खिडकीशी आले आणि गजाला हात लावला.

"नत्थू, उतर. आजच्या दिवस चाल घरी."

मी म्हणालो, "अकोल्याला माल पडून आहे. सडून जाईल."

माल नव्हता. दुकान महिनाभर बंद होतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. ते "बरं" म्हणाले आणि हात काढला.

तेवढ्यात मला महादू दिसला. रंगूनहून लिहिलेलं पहिलं कार्ड त्याला पोचलं होतं, दुसरं कोणी लिहिलंच नव्हतं. त्यानं नवी टोपी घातली होती. त्याची बायको सोबत, तिच्या एका हातात पाण्याची चरवी आणि दुसऱ्या हातात लेकीवरून ओवाळून टाकायचा भाकरतुकडा. महादूनं भाऊजींना लांबून हात केला आणि त्यांच्याकडे न येता थेट बायांच्या डब्याकडे धावला. एकेका खिडकीत डोकावत होता. "सुभे! अवं सुभे! उतर नं वं, गाडी सुटते!" आतल्या बाया हसत होत्या, कोणी मान हलवत होत्या. तो पुढच्या खिडकीकडे जाई. त्याची बायको चरवी सांभाळत त्याच्या मागं.

भाऊजींनी त्याला हाक मारली नाही. वळकटी पायाशी ठेवून तिथंच उभे होते, ते मोठे हात दोन्हीकडे लोंबत सोडून. महादू शेवटच्या खिडकीपर्यंत गेला, वळला, आणि हसतच हातानं विचारलं, कुठं आहे? शिटी झाली. गाडी हलली. भाऊजी त्याच्या दिशेनं चालायला लागले, सावकाश. त्याला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मधे मालाचा ढीग आला आणि मग फलाट संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्याच्या आधी मी टपालकचेरीत गेलो. परमुलखाचं टपाल म्हणून कारकुनानं वेगळं कार्ड दिलं. तिथंच उभं राहून, खिडकीजवळच्या दौतीत टाक बुडवून, मी बाईला लिहिलं: आम्ही सुखरूप पोचलो. भाऊजीला वलगावी घरापर्यंत नेऊन सोडलं. चूल पेटवून दिली. दोन घास जेवले. तू सांगितलेलं सगळं त्यांना नीट सांगितलं. ऐकून जरा रडले, मग निवांत झोपले. काळजी करू नये. खाली माझं नाव ठळक लिहिलं, शाई वाळू दिली, आणि कार्ड पेटीत टाकलं.